दारावरची दोन नावे

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी न्हावा शेवा परिसराला मुंबईकडे जाणाऱ्या दोन वाटा मिळाल्या. शिवडीहून समुद्रावरून येणारा, जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि खारकोपरला येऊन थांबणारी लोकल उरणपर्यंत धावू लागली. त्या मार्गावर ‘न्हावा शेवा’ नावाचे स्थानकही आहे. बंदरातल्या कंटेनर यार्डात नोकरी करणारी तरुण जोडपी, मुंबईत भाड्याने राहून कंटाळलेली कुटुंबे, गावातच फ्लॅट घेऊ पाहणारी आगरी-कोळी मुले, अशा सगळ्यांची पावले उलवे आणि द्रोणागिरीतल्या नव्या इमारतींकडे वळतात. घर ठरते, बँक कर्ज मंजूर करते आणि एक दिवस नवरा-बायको दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचे ठसे आणि फोटो द्यायला जातात.

तिथे बरोबर आलेला मामा किंवा एजंट हमखास म्हणतो, “दोघांची नावं लावलीत ना? बरं केलंत. उद्या काही कमीजास्त झालं तर घर आपोआप दुसऱ्याच्या नावावर.”

यातले पहिले वाक्य शहाणपणाचे आहे. दुसरे चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत बहुतेक वेळा बाईला मोजावी लागते, तीही घरात दुःख असताना.

हा समज येतो कुठून? एक वाट बँकेतून येते. जोडखाते उघडताना फॉर्मवर ‘एक किंवा हयात’ असे लिहिलेले असते आणि खातेदारांपैकी एकाचे निधन झाले की बँक दुसऱ्याला पैसे देते. मग घराचेही तसेच असणार, असे लोक धरून चालतात. खरे तर खात्याच्या बाबतीतही ती ओळ बँकेच्या सोयीची आहे. पैसे कोणाच्या हाती दिले की बँक मोकळी होईल, एवढेच ती सांगते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे वारसा कायदाच ठरवतो.

दुसरी वाट परदेशातून येते. इंग्लंडमध्ये जोडपी घर घेतात ते बहुधा ‘जॉइंट टेनन्सी’ या पद्धतीने. तिथे दोघांचे वेगवेगळे हिस्से नसतात. सगळे घर दोघांचे मिळून असते आणि एक गेला की उरलेला आपसूक पूर्ण मालक होतो. मृत्युपत्रात दुसरे काही लिहिले असले तरी ते त्या घराला लागू होत नाही. अमेरिकेत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत पती-पत्नीने मिळून घेतलेल्या घरालाही असाच नियम आहे. एडिसनला राहणारा भाऊ फोनवर “आमच्याकडे तर आपोआप होतं” म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फक्त त्याचा कायदा उरणला चालत नाही.

त्या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. दुसरे लग्न झालेल्या माणसाने नव्या जोडीदाराबरोबर असे घर घेतले आणि तो आधी गेला, तर पहिल्या लग्नाच्या मुलांना त्या घरातले काहीच मिळत नाही. म्हणून इंग्लंडच्या कायद्याने जोडीदाराला रीतसर लेखी नोटीस देऊन हिस्से वेगळे करून घेण्याची सोय ठेवली आहे.

भारतात हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच न्यायालयात गेला होता. १८९६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जोगेश्वर नारायण देव यांच्या खटल्यात सांगितले की, एकत्र हिंदू कुटुंबाची सहदायिकी सोडली तर ‘जॉइंट टेनन्सी’ ही कल्पना हिंदू कायद्याला अनोळखी आहे आणि इंग्लंडचे नियम इथे जसेच्या तसे लावू नयेत. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ४५ चा अर्थ साध्या भाषेत असा: दोघांनी मिळून पैसे देऊन मिळकत घेतली, तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल आणि करारातही काही लिहिलेले नसेल, तर दोघांचे समान हिस्से धरायचे. म्हणजे आपल्याकडे घर ‘दोघांचे’ असते तेव्हा प्रत्यक्षात प्रत्येकाचा एक स्वतंत्र, पण मोजून वेगळा न काढलेला हिस्सा असतो. माणूस गेला की तो हिस्सा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो. मृत्युपत्र नसेल तर त्याच्या वारसांकडे जातो.

आता हिशोब मांडून पाहू. समजा, द्रोणागिरीत एका जोडप्याने निम्म्या-निम्म्या हिश्शाने फ्लॅट घेतला. दोन लहान मुले आहेत, गावी नवऱ्याची आई आहे. नवरा अपघातात गेला, मृत्युपत्र केलेले नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई येतात. वडील मात्र त्या वर्गात नाहीत. तेव्हा नवऱ्याच्या अर्ध्या घराचे चार भाग होतात: बायकोला एक, मुलांना एकेक, सासूबाईंना एक. बायकोचे आधीचे अर्धे आणि हा अष्टमांश मिळून तिचे पाच अष्टमांश झाले. उरलेले तीन अष्टमांश तिचे नाहीत.

गुंता इथेच थांबत नाही. चार वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यांना एकूण तीन मुले होती असे धरू. सासरेबुवा आधीच गेलेले असतील, तर सासूबाईंच्या अष्टमांशाचे तीन भाग पडतात. एक भाग गेलेल्या मुलाच्या मुलांना, एक दिराला, एक नणंदेला. दीर आणि नणंद प्रत्येकी एक चोविसांश घराचे मालक झाले. ज्या घराचा एक हप्ताही त्यांनी भरलेला नाही, त्या घराच्या विक्रीवर आता त्यांची सही लागणार. दोघे सज्जन असतील तर एका दुपारी काम होईल. नसतील तर किती वर्षे जातील, ते सांगता येत नाही.

मुले अज्ञान असतील तर आणखी एक पायरी वाढते. अज्ञान मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत त्याच्या आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चे कलम ८ तसे सांगते. नवरा गेल्यावर हप्ते झेपेनात म्हणून फ्लॅट विकून गावाजवळ लहान घर घ्यावे असे ठरवणाऱ्या बाईला आधी कोर्टात अर्ज करावा लागतो. हा नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे आणि तो असायलाच हवा. पण नवऱ्याने हयातीत पानभर मृत्युपत्र लिहून आपला हिस्सा तिला दिला असता, तर ही वेळ तिच्यावर आली नसती.

इतर धर्मांच्या घरांत अपूर्णांक वेगळे असतात. ख्रिस्ती कुटुंबात मुले असताना पत्नीला नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मिळतो. रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोकणी मुस्लिम कुटुंबात मुले असतील तर विधवेचा वाटा एक अष्टमांश असतो आणि मृत्युपत्राने मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग देता येत नाही. ‘आपोआप सगळे हयात जोडीदाराचे’ हे मात्र कुठल्याच घरात होत नाही.

मग दोघांची नावे लावूच नयेत का? जरूर लावावीत. महाराष्ट्राला या गोष्टीचे मोल फार उशिरा कळले. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले आणि त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा हौसेने बायकोच्या नावे करून द्यायचा. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची वाट काढून दिली. २००३ मध्ये ग्रामविकास खात्याने ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर पती आणि पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याचा निर्णय काढला. गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी ‘घर दोघांचे’ म्हणत तो उंबऱ्यापर्यंत नेला. प्रधानमंत्री आवास योजनेचे घर मंजूर होताना ते बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावे लागते, त्यामागेही हाच विचार आहे.

कागदावर नाव असलेल्या बाईला मध्यरात्री घराबाहेर काढणे अवघड जाते. दारू, जुगार, धंद्यातली खोट, काहीही झाले तरी तिच्या सहीशिवाय तिचा हिस्सा विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. नवरा गेल्यावर दिराने “हे घर दादाचं होतं” म्हटले, तर निदान अर्ध्या घरापुरते तिला काहीच सिद्ध करावे लागत नाही. ही सुरक्षितता कुठल्याही करसवलतीपेक्षा मोठी आहे.

करसवलतही आहेच. दोघे कमावते असतील, दोघे मालक आणि दोघे कर्जदार असतील, तर दोघांचे उत्पन्न धरून बँक जास्त कर्ज देते. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावर प्रत्येकाला वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट स्वतंत्रपणे मिळते. नवी करपद्धत निवडणाऱ्याला राहत्या घरावर ही वजावट नाही, तेव्हा एजंटच्या कागदावरचा फायदा आपल्याला खरोखर लागू आहे का, हे आधी पाहावे. मुद्रांक शुल्काचेही तसेच. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर घेणाऱ्या स्त्रीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर ही रक्कम ८० हजार होते. पण सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तरच ती मिळते. नवऱ्याचे नाव जोडले की सवलत गेली.

प्रेमापोटी आईचे नाव लावणाऱ्या मुलांनी इथे थोडे थांबावे. समजा, बंदरात काम करणाऱ्या एका मुलाने सगळे हप्ते स्वतः भरून फ्लॅट घेतला आणि करारात आईचे नाव पहिले लिहिले. आईच्या कष्टांची ती आठवण असते आणि असे नाव लावण्यात बेकायदा काहीही नाही. पण आई मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा हिस्सा तिच्या सर्व मुलांत वाटला जाणार. पैसे सगळे आपलेच होते, हे मग त्याला सख्ख्या बहीण-भावांविरुद्ध बँकेचे उतारे दाखवून सिद्ध करावे लागेल. ते उतारे सापडतीलही. त्यानंतर रक्षाबंधनाला त्या घरी कोण येईल, हा प्रश्न कोर्टात सुटत नाही.

हे सगळे नव्या फ्लॅटचे झाले. न्हावा शेवा परिसरात सामाईक मालकीचा खरा गुंता जुन्या जमिनीत आहे.

सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या जाऊ लागल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली. मोबदला तुटपुंजा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि पुढे न्हावा शेव्याच्या वाटेवर गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना उभी राहिली. जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी तिला आकार दिला. न्हावा शेव्याचे बंदर मात्र २६ मे १९८९ पासूनच सुरू झाले होते. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती भूखंडाची इरादापत्रे पडायला १६ ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला.

ज्याच्या नावाने जमिनीचा निवाडा झाला, त्याच्या नावाने भूखंड, असा हिशोब. गावात या निवाड्याला सगळे ‘ॲवॉर्ड’च म्हणतात. ॲवॉर्डमधले नाव आजोबांचे असते. कित्येक सातबाऱ्यांवर तर एकाच भावाचे नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे असायची, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचे, जमीन सगळ्या भावांची. गावाला ते ठाऊक होते म्हणून चालून गेले. सिडकोच्या टेबलावर मात्र कागदच बोलतो.

एक एकर जमीन गेलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. ४० गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा होतात, उरतात साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. भूखंडाचे पत्र येईपर्यंत आजी-आजोबा गेले, दोन मुलगेही गेले; त्या दोघांच्या मागे पत्नी आणि प्रत्येकी तीन मुले. हयात मुलगा एक, मुली दोन, आणि गेलेल्या मुलांची चार-चार माणसे. एकूण अकरा नावे. हयात भावंडांना प्रत्येकी सुमारे ७१ चौरस मीटर, आणि गेलेल्या मुलाच्या घरातल्या प्रत्येकाला १८ चौरस मीटरच्या आत, एका बऱ्यापैकी खोलीएवढे. एवढ्या तुकड्यावर कोणालाच स्वतंत्र घर बांधता येत नाही. मग बिल्डर येतो. सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करारनामा होतो आणि त्यावर अकराच्या अकरा सह्या लागतात. एक सही अडली की इमारत अडते. वारस दाखल्याची कोर्टातली फेरी त्याआधीची.

बहुतेक वेळा बोलणी अडतात ती बहिणींच्या सहीपाशी. एरवी दिवाळीला साडी घेऊन आनंदाने परत जाणाऱ्या आत्याकडे अचानक हक्कसोडपत्राचा मसुदा जातो. “तुझं नाव कमी केलं की काम लवकर होईल,” असे तिला सांगितले जाते. वडिलांच्या हिश्शावर मुलीचा हक्क १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने २२ जून १९९४ ला लग्न न झालेल्या मुलींना मुलांच्या बरोबरीने आणले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क सगळ्या मुलींना दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो जन्मापासूनचा आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. २००५ पर्यंत आणखी एक अन्याय कायद्यातच लिहिलेला होता: राहत्या घरात हिस्सा असूनही, भाऊ स्वतः वाटणी मागत नाहीत तोवर बहिणीला ती मागता येत नसे. ते कलम आता गेले.

कोणी आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. कुटुंबातल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. मात्र नोंदणी झालेले हक्कसोडपत्र परत घेता येत नाही. भूखंडाचा भाव काय, त्यावर किती फ्लॅट होणार, आपल्या वाट्याला काय आले असते, हे आत्याला सांगून मगच कागद पुढे करावा. न सांगता घेतलेल्या सह्यांचे दावे पुढच्या पिढीला लढावे लागतात.

गावठाणातली घरे हा वेगळा विषय. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे बंदरासाठी उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. तिथली घरे वाळवीने पोखरली आणि लोकांना पुन्हा पुनर्वसन मागावे लागले. इतर गावांतही कुटुंबे वाढली, गावठाण तेवढेच राहिले. मुलांच्या लग्नांनंतर गावठाणाबाहेर सिडकोच्या जागेवर खोल्या उभ्या राहिल्या. त्यांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने अशी घरे नियमित करण्याची वाट काढली. पण घर नियमित होताना कागद कोणाच्या नावाने करायचा? खाली थोरला, वर धाकटा, मागच्या पडवीत आई, चुली तीन आणि घरपट्टी एक. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम चालते. ज्या गावात मोजणी येईल, तिथे सगळ्या भावंडांनी आणि बहिणींनी हजर राहून नावे बरोबर लागली का, हे पाहायला हवे. एकदा एकाचेच नाव छापले गेले की ते दुरुस्त करायला वर्षे जातात.

सामाईक घरातला एक भाऊ रागाने किंवा गरजेने आपला हिस्सा परक्याला विकून टाकतो, तेव्हा काय होते? विकण्याचा हक्क त्याला आहे. मात्र एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्याला घरात येऊन एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ ने तशी आडकाठी घातली आहे. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो आणि त्या दाव्यात घरातले इतर हिस्सेदार १८९३ च्या वाटप कायद्याखाली, कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात. वारसाने आलेला हिस्सा विकायचा असेल तर सहवारसांना आधी घेण्याचा हक्कही वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. ही कलमे कित्येक घरांना माहीतच नसतात. हिस्सा विकला गेल्याचे कळताच लोक हताश होतात आणि बिल्डरच्या माणसाला चावी देऊन मोकळे होतात. तसे करू नये.

फ्लॅटचे मात्र भिंत घालून दोन भाग करता येत नाहीत. एकाला विकायचे आहे, दुसऱ्याला राहायचे आहे आणि कोणीच दुसऱ्याचा हिस्सा घेऊ शकत नाही, अशा वेळी वाटपाचा दावा लिलावापर्यंत जाऊ शकतो. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग कोर्ट कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा, त्यावर अपील. जोडप्याचे बिनसले तर कर्जाचे काय, हा प्रश्न त्याहून तातडीचा. बँकेच्या लेखी दोघेही पूर्ण कर्जाला बांधलेले असतात. “माझा अर्धा हप्ता मी भरला,” हे बँक ऐकून घेत नाही. परदेशी गेलेल्या हिस्सेदाराची सही हवी असेल तर वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून मागवावे लागते. हे सोपे असले तरी वेळ खाते.

सोसायटीतल्या नॉमिनीबद्दलही असाच भाबडा विश्वास आहे. नॉमिनेशनचा फॉर्म भरला म्हणजे घर त्याला मिळाले, असे लोक समजतात. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्याच्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनी हा फक्त तात्पुरता सदस्य. खरे वारस कागदपत्रांनिशी पुढे येईपर्यंत सोसायटीशी व्यवहार करणारा माणूस. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हाच प्रश्न ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या दाव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला: नॉमिनेशनने मालकी मिळत नाही, वारसा कायदा आणि मृत्युपत्र त्याच्या वरचढ आहेत.

शेजारच्या गोव्यात चित्र थोडे वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मिळकत दोघांची निम्मी-निम्मी धरली जाते, मग कागदावर नाव कोणाचेही असो. घर विकताना दोघांची संमती लागते. सावंतवाडीहून म्हापशाला सून म्हणून गेलेली मुलगी लग्नाच्या नोंदणीबरोबरच अर्ध्या घराची धनी होते. उरणात दिलेल्या तिच्या बहिणीला त्यासाठी नवऱ्याच्या मनाची वाट पाहावी लागते. हा फरक महाराष्ट्राने मिटवायला हवा, असे या विषयात काम करणाऱ्या अनेकांना वाटते आणि ते खरेच आहे. तरीही नवरा गेल्यावर त्याचा अर्धा भाग गोव्यातही मुलांकडे आणि इतर वारसांकडेच जातो. सगळे घर एकट्या हयात जोडीदाराला तिथेही मिळत नाही.

ज्यांचे घर दोघांच्या नावे आहे किंवा होणार आहे, त्यांनी करारनामा सही होण्याआधी तीन ओळी वाचाव्यात: खरेदीदारांची नावे कोणत्या क्रमाने आहेत, कोणाचा हिस्सा किती टक्के लिहिला आहे आणि पैसे कोणी भरले. टक्केवारी लिहिलेली नसेल तर लिहायला सांगावी. सोसायटीत पहिले नाव असणाऱ्याला मताचा अधिकार असतो, तो नसेल तेव्हा दुसऱ्याला. त्यामुळे नावांचा क्रम हा केवळ मानाचा प्रश्न राहत नाही.

आणि मृत्युपत्र करावे, दोघांनीही. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत, आपला हिस्सा कोणाला द्यायचा ते लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली की ते कायदेशीर ठरते. साक्षीदार घर मिळणाऱ्यांपैकी नसलेले बरे आणि नोंदणी केली तर पुढचा वाद कमी होतो. मन बदलले तर नवे लिहिता येते. पंचेचाळिशीतल्या माणसाला हे अभद्र वाटते. पण अटल सेतूवरून रोज कामाला जाणाऱ्या माणसाने विमा काढलेला असतो, तेव्हा ते कोणालाही अभद्र वाटत नाही.

जुन्या जमिनीच्या घरांसाठी काम याहून साधे आणि घाईचे आहे. घरात अजून एखादी आजी असेल, जिला ॲवॉर्डमधल्या आजोबांचे भाऊ किती, बहिणी कुठल्या गावी दिल्या, कोण लहानपणी गेले, हे सगळे तोंडपाठ आहे, तर या आठवड्यात तिच्याजवळ वही घेऊन बसावे आणि वंशावळ लिहून घ्यावी. बहिणींची नावे त्यात पहिल्याच दिवशी लिहावीत. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.